डीटीपीवाल्याचे पैसे आधी, लेखकाचे मग बघू

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला मी साडेतीन हजार शब्दांचा लेख दिला. विषय हातमागाचा होता, त्यासाठी दोनदा सोलापूरला जाऊन आले, एसटीने, अर्ध्या तिकिटात (बायकांना ती सवलत २०२३ पासून आहे म्हणून, नाहीतर पहिल्या फेरीनंतर मी विषयच बदलला असता). जूनमध्ये ठरलं, ऑगस्टमध्ये लेख गेला, ऑक्टोबरमध्ये अंक आला आणि पैसे आले मार्चमध्ये, तेही मी चार फोन केल्यावर. दोन हजार रुपये. त्यातून प्रवास, राहणं, चहापाणी वजा करून काय उरलं ते मी मुद्दामच मोजलं नाही.

पण सांगायचंय ते वेगळंच. मधे एकदा प्रूफं बघायला पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर अंकाची पानं लावून देणाऱ्याकडे जावं लागलं, कारण माझा युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना निम्मी जोडाक्षरं फुटली होती. मी बसलेली असतानाच संपादक आले. अंकाची फाईल तयार होती. डीटीपीवाला अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तेवढं पेमेंट करून टाका, म्हणजे पेन ड्राइव्ह देतो." आणि सरांनी उभ्या उभ्या मोबाईल काढून पैसे टाकले. कुरकुर नाही, "अकाउंटवाल्यांशी बोलतो" नाही, "जाहिरातींचे पैसे अडकलेत" नाही. ते गेल्यावर मी त्याला विचारलं, सगळ्यांकडून असेच घेतोस का. म्हणाला, "ताई, फाईल हातातनं गेली की पैसेही गेले. पहिल्या दोन वर्षांत शिकलो."

मी अठरा वर्षं लिहितेय, भाषांतरं करतेय, जाहिरातींची कॉपी लिहितेय, आणि मला हे शिकायला त्याच्या खुर्चीशेजारी बसावं लागलं. म्हणजे शिकले असंही नाही, कारण माझ्याकडे अडवून धरायला पेन ड्राइव्ह नाहीये. लेख आवडतो की नाही हे ठरवण्यासाठी तो वाचावा लागतो, आणि वाचायला दिला की तो गेलाच. माल आधी द्यायचा, भाव नंतर कळणार, पैसे त्याच्याही नंतर. असा धंदा आपल्याकडे अजून एकच माणूस करतो, बाजार समितीत कांदा घेऊन जाणारा शेतकरी, आणि त्याच्यासाठी निदान अडते, हमाल, लिलाव, हिशोबपट्टी असं सगळं कागदावर तरी आहे. आमच्यासाठी काय आहे तर 'मानधन' हा शब्द.

या शब्दाशी माझं भांडण आहे. मानधन म्हटलं की ते देणाऱ्याच्या मोठेपणाकडे जातं, दिलं तर त्याचा चांगुलपणा, नाही दिलं तर आपण विचारायचं कसं. कितीदा ऐकलंय, "मानधन फार देऊ शकणार नाही हं, पण अंक चांगल्या लोकांपर्यंत जातो." अहो पण घरमालक काकूंपर्यंत पोचत नाही ना तो अंक, त्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं पोचावं लागतं. बिल म्हटलं की रक्कम येते, तारीख येते, उशीर झाला तर 'थकबाकी' हा शब्द येतो. थकलेलं मानधन असं कुणी म्हणतं का? म्हणतात, पण दबक्या आवाजात.

आता संपादकांची बाजू मला माहीत नाही असं नाही, माझे दोन चांगले मित्र अंक काढतात आणि दर वर्षी दिवाळीनंतर "पुढच्या वर्षी बंद" म्हणतात. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा बऱ्यापैकी पदरमोडीवर चाललीये. विक्रीतून छपाईही निघत नाही, सगळी मदार जाहिरातींवर, जाहिरातदार सहा सहा महिने पैसे देत नाहीत, विक्रेता परत आलेल्या अंकांचा हिशोब जानेवारीत सांगतो. खरंय सगळं. पण मग कागदवाला का थांबत नाही? तो तर रीम उतरवायच्या आधी पैसे मागतो. प्रेसवाला अर्धे ॲडव्हान्स घेतो. कुरिअरवाला, डीटीपीवाला, मुखपृष्ठ छापणारा, सगळ्यांचे पैसे कुठून तरी येतातच, आणि टंचाई सुरू होते ती बरोब्बर लेखकापाशी. म्हणजे पैसे नाहीत असं नाहीये, पैसे कुणाला आधी द्यायचे याची एक रांग आहे आणि त्या रांगेत आम्ही शेवटी उभे आहोत, कारण आम्ही तिथे उभं राहायला कधी नाही म्हटलं नाही. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात, आमचं तर पोतंच उधारीचं.

मला कुणी कंजूष आहे, लबाड आहे असं म्हणायचंच नाहीये. चांगली माणसंसुद्धा जिथे अडत नाही तिथे पैसे द्यायला उशीर करतात, मीसुद्धा करते, इस्त्रीवाल्याचे पंधरा दिवसांचे पैसे माझ्याकडे आत्ता बाकी आहेत. म्हणून हा प्रश्न चांगुलपणावर सोडून चालत नाही. ज्याच्या हातात पेन ड्राइव्ह नाही त्याच्या बाजूने कायद्याने उभं राहावं लागतं.

आणि गंमत म्हणजे कायदा आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. आपण उद्योग म्हटलं की चिमणी, धूर, कामगार डोळ्यासमोर आणतो, पण त्यात सेवा देणारेही येतात, आणि घरातल्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून भाषांतर करणारी एकटी बाई 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. आधार, पॅन, अर्धा तास, शून्य रुपये (गुगलवर वर वर दिसणाऱ्या ज्या साइट दोन-तीन हजार मागतात त्या सरकारी नाहीत, तिथे फसू नका). मग काय होतं? कलम १५ म्हणतं की लेखी ठरलं असेल तर ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे, पण तो दिवस समोरच्याने काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. आणि लेखी काहीच ठरलं नसेल, म्हणजे आपल्याकडे नेहमी जे असतं ते, तर १५ दिवस. होय, पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार करायला 'समाधान' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. त्यात भर म्हणून २०२३ च्या बजेटमध्ये आयकर कायद्यात तरतूद आली की अशा सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत धंद्याला तो खर्च म्हणून दाखवताच येणार नाही. कापडबाजारात, भांडी बाजारात यावरून तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता. आमच्या लेखनाच्या बाजारात? पानही हललं नाही.

का नाही हललं? कारण दोन हजार रुपयांसाठी कोण तक्रार करणार. आणि केली तर पुढच्या वर्षी तो अंक बंद, शिवाय संपादक संपादकांशी बोलतात, मग "ती जरा कटकटी आहे" हे वाक्य सदाशिव पेठेतून दादरला पोचायला एक साहित्य संमेलन पुरतं. माझ्या ओळखीत नोंदणी केलेले लेखक तीन आहेत आणि त्यातल्या दोघांनी ती बँकेच्या कर्जासाठी केलीये. हक्क असून मागता येत नसेल तर तो कागदावरचा हक्क आहे. पण म्हणून कायदा निरुपयोगी म्हणायचा का? मला नाही तसं वाटत. त्याचा उपयोग वेगळ्या दारातून करून घ्यायला हवा आणि ते दार सरकारच्या पैशाचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, मीही खाल्ला एक. आता भाषेच्या नावाने पैसा येतोय, संमेलनांना येतो, संस्थांना येतो, साहित्य संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं, १९६७ च्या कायद्याखालची सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी अनुदानावर पुस्तकं-मासिकं घेतात, सरकारी जाहिराती अंकांना मिळतात. माझी मागणी साधी आहे, म्हणजे मला तरी साधी वाटते. ज्या प्रकाशनाला, अंकाला, संस्थेला लोकांच्या पैशातला एक रुपया हवाय त्याने लेखकांचे दर आधी जाहीर करावेत आणि काम घेतल्यापासून ४५ दिवसांत पैसे दिल्याचं लिहून द्यावं. खोटं निघालं तर पुढच्या वर्षी अनुदान नाही, जाहिरात नाही. बस. कुणा लेखकाला तक्रार करून कटकटी व्हायची गरज नाही, दर शून्य ठेवायचा असेल तर शून्य जाहीर करा, तेही चालेल, निदान मी सोलापूरला जाणार नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहितीये, अशाने छोटे अंक मरतील. काही मरतील कदाचित. पण जो अंक वीस लोकांच्या फुकट कामावर उभा आहे तो जिवंत आहे म्हणजे नक्की कोणाच्या जिवावर? आणि दुसरं म्हणजे लेखक टिकावा यासाठी सरकार आत्ता पैसे देतच नाही असं नाही. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून महिना ५००० रुपये. चांगली योजना आहे, गरजू माणसाला तेवढाही आधार मोठा असतो. पण बघा ना, उमेदीत आमचे पैसे वेळेवर मिळवून द्यायचे नाहीत आणि हात थरथरायला लागल्यावर पाच हजार द्यायचे, आणि त्यालाही नाव मानधनच!

बाहेर हे झालेलं आहे. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून 'फ्रीलान्स इज नॉट फ्री' नावाचा कायदा आहे. ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं काम असेल तर लेखी करार सक्तीचा, तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे, नाहीतर दुप्पट भरपाईची तरतूद. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर'ची व्याख्या आलीये, मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा तो गिग वर्कर, म्हणजे मीही. पण त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी पैसे भरायची जबाबदारी ॲग्रीगेटरवर, म्हणजे ॲपवरून काम मिळवून देणाऱ्या कंपन्यांवर टाकलीये, आणि त्या यादीत 'कंटेंट आणि मीडिया सेवा' असं लिहिलेलंसुद्धा आहे, फक्त मला काम एखाद्या ॲपवरून येत नाही हो, संपादकांच्या फोनवरून येतं, "ताई, वेळ आहे का?" असं.

सरकारचं झालं, आता आपल्याबद्दल, कारण मिळालेले चार पैसे आम्ही कसे वापरतो यावरही बरंच ऐकून घ्यावं लागतं. पगारदार मित्र सांगतात, मिळकतीच्या वीस टक्के बाजूला टाक. कुठल्या मिळकतीच्या? मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मला एक्केचाळीस हजार आले, मे महिन्यात सहा, जूनमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये माणूस श्रीमंत असतो आणि आंबे घेतो. मी खूप वर्षांनी एक गोष्ट केली, येणारे सगळे पैसे एका खात्यात आणि तिथून स्वतःला दर एक तारखेला अठरा हजार 'पगार', जास्त आले तरी अठराच. पहिलं दीड वर्ष हे जमलंच नाही, कारण त्या खात्यात तीन महिन्यांचा पगार साठायलाच दीड वर्ष लागलं. ज्यांना हे ऐकून सोपं वाटतं त्यांना मी दोष देत नाही, पण एक लक्षात घ्या, माझे त्या वेळी बाहेर अडकलेले पैसे बासष्ट हजार होते. म्हणजे माझी बचत होत होती, फक्त ती दुसऱ्यांच्या खात्यात.

आमच्या सोसायटीत बायकांची भिशी आहे, महिना दोन हजार. जूनमध्ये एक पैसा आला नाही तरी मी भिशी चुकवली नाही, बहिणीकडून घेऊन भरली, कारण अकरा बायकांना तोंड कसं दाखवायचं. ही लाज फार कामाची गोष्ट आहे. दहा हजार प्रती काढणाऱ्या माणसाला एका लेखिकेसमोर ती वाटत नाही याचं कारण आम्ही लिहिणाऱ्या अकराजणी कधी एकत्र बसलोच नाही.

टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात त्या आयकराबद्दल एक सांगते, हे खूप जणांना माहीत नसतं. व्यावसायिक फीवर दहा टक्के कापतात, पण एका देणाऱ्याकडून वर्षभरात मिळणारी रक्कम मर्यादेपुढे गेली तरच कापणं बंधनकारक आहे. ती मर्यादा आधी ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. मला एकाने तीन हजारांतून तीनशे कापून दिले आणि ते तीनशे माझ्या आयकराच्या स्टेटमेंटमध्ये कधी दिसलेच नाहीत. कापले, भरले नाहीत, माझ्याच बिलावर डिस्काउंट घेतला म्हणायचं. आणि जिथे खरंच भरलेले असतात तिथेही रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. नव्या करप्रणालीत आता बारा लाखांपर्यंत करच लागत नाही, माझ्या ओळखीतला एकही मराठी लेखक निव्वळ लेखनावर तिथवर पोचलेला नाही, म्हणजे आमचा कापलेला प्रत्येक रुपया परत मिळण्यासारखा असतो. तरी "आपल्याला कुठे एवढं उत्पन्न" म्हणून लोक रिटर्न भरत नाहीत. भरा. घर भाड्याने घेताना, कर्ज मागताना पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे दाखवायला तेवढाच एक कागद असतो.

आणि हक्क. पैशाइतकेच, कधी कधी पैशापेक्षा जास्त मोलाचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरने लिहिलेल्या लेखाची पहिली मालकी त्याची स्वतःची, नोकरीत लिहिलं तर गोष्ट वेगळी. ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी आणि आपल्या सहीनिशी. अंकात कोपऱ्यात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" छापलं म्हणून हक्क जात नाहीत. सही केलीत पण मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मी हे वाचलं ते फार उशिरा, तोवर एका कथेच्या ऑडिओचे पैसे तिसऱ्याच कुणाला मिळून झाले होते, आणि ती सही मीच केली होती, न वाचता, चहा पिता पिता, कारण समोर आदरणीय माणूस बसला होता आणि आदरणीय माणसासमोर कागद वाचत बसणं बरं दिसत नाही म्हणे.

हे सगळं आत्ताच का लिहितेय, तर भाषांतराचे दर घसरतायत. शब्दाला रुपया देणारी एजन्सी आता मशीनने केलेलं भाषांतर पाठवते आणि ते 'फक्त जरा बघून' द्यायचे पस्तीस पैसे देते. जरा बघण्यात पूर्वीएवढाच वेळ जातो, कारण मशीनचं मराठी वरवर गुळगुळीत असतं आणि चूक आत खोल दडलेली असते. म्हणजे ज्या बाहेरच्या कामावर आम्ही आमचं मराठी लेखन पोसत होतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतो, ते घरचंच कमी व्हायला लागलंय. आता भाकऱ्यांचे पैसे मागण्यावाचून इलाज नाही.

मार्चमधले ते दोन हजार आल्यावर मी उद्यमची नोंदणी केली (नोंदणी कामाच्या आधी केलेली बरी, मागच्या कामांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका). एप्रिलमध्ये दुसऱ्या एका मासिकाला लेख दिला, सोबत बिल जोडलं, बिलावर नोंदणी क्रमांक आणि खाली एक ओळ, की ही रक्कम २००६ च्या कायद्यानुसार मुदतीत देय आहे. ओळ लिहायला दोन मिनिटं लागली आणि मेल पाठवायला दीड तास. तीन दिवसांनी संपादकांचा फोन आला. रागावले नव्हते, दुखावले होते. "ताई, तुम्हीसुद्धा?" म्हणाले. मी म्हटलं, सर, एका डीटीपीवाल्याकडून शिकले. त्यावर ते हसले, मीही हसले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

पैसे एकविसाव्या दिवशी आले. दिवाळी अंकासाठी लेख सुचवा म्हणून त्यांचा फोन दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. आज जुलैची बारा तारीख आहे.